देहयष्टी, प्रकृती आणि मल्लाचे बल

पश्चिम महाराष्ट्रात चिकित्साव्यवसाय करणाऱ्या वैद्याला एक प्रश्न वारंवार ऐकावा लागतो. दहा-बारा वर्षांच्या मुलाला समोर उभे करून वडील विचारतात, "याची प्रकृती बघून सांगा, हा पैलवान होईल का?" मुलगा अंगाने भरलेला असला तर त्या प्रश्नात अभिमान असतो, किरकोळ असला तर काळजी असते. प्रश्न साधा वाटतो, परंतु उत्तरावर पुष्कळ काही अवलंबून असते. आपण 'होईल' म्हटले तर मुलगा घर सोडून तालमीत राहावयास जातो, शाळा मागे पडते आणि त्याच्या खुराकासाठी घरचे दूधदुभते व शेतीचे उत्पन्न खर्ची पडते. 'नाही' म्हटले तर कदाचित चांगला मल्ल होऊ शकणारा मुलगा अंगाने बारीक म्हणून घरी बसतो. शरीराच्या ठेवणीवरून लढण्याचे सामर्थ्य सांगता येते काय, या प्रश्नाचा विचार म्हणूनच शास्त्र आणि आखाडा अशा दोन्ही अंगांनी करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

चरकाचार्यांचा इशारा

चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात दशविध परीक्षेचे विवेचन आहे. प्रकृती, विकृती, सार, संहनन, प्रमाण, सात्म्य, सत्त्व, आहारशक्ती, व्यायामशक्ती आणि वय हे दहा परीक्ष्य भाव सर्वांच्या परिचयाचे आहेत. त्यांतील सारपरीक्षेच्या संदर्भात आचार्यांनी वैद्याला दिलेला इशारा मात्र अभ्यासक्रमाच्या घाईत निसटून जातो. हा पुष्ट आहे म्हणून बलवान, हा कृश आहे म्हणून दुर्बल, याचा देह मोठा म्हणून बलही मोठे आणि त्याचा देह लहान म्हणून बलही लहान, असे केवळ शरीरदर्शनावरून मानणारा वैद्य फसतो, असे ते सांगतात. लहान चणीची आणि कृश माणसेही बलवान असलेली दिसतात, असे निरीक्षण नोंदवून ते स्वतःपेक्षा मोठे ओझे वाहून नेणाऱ्या मुंगीचा दृष्टान्त देतात. बल जाणण्यासाठी सारपरीक्षा करावयाची ती याच कारणाने. आमच्या मते प्रस्तुत विषयावर याहून नेमके मार्गदर्शन शोधण्यासाठी अन्यत्र जाण्याची गरज नाही.

याच प्रकरणातील आणखी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. त्वचा, रक्त, मांस, मेद, अस्थी, मज्जा, शुक्र आणि सत्त्व अशा आठ सारांची लक्षणे तेथे दिली आहेत. मांससार पुरुषाच्या ठिकाणी बल, आरोग्य, क्षमा व धैर्य सांगितले आहे. अस्थिसार पुरुष उत्साही, क्रियाशील व क्लेश सहन करणारा वर्णिला आहे. मेदःसार पुरुषाच्या वाट्याला सुखोपभोग व सुकुमारता आली आहे. परंतु रणांगणावर पराक्रमाने लढण्याचा गुण आचार्यांनी सत्त्वसार पुरुषाच्या वर्णनात घातला आहे. पुढे सत्त्वपरीक्षेत ते म्हणतात की, प्रवर सत्त्वाचा मनुष्य अल्पशरीर असूनही मोठ्या पीडेने डगमगत नाही आणि हीन सत्त्वाचा मनुष्य महाशरीर असूनही थोड्या वेदनेने हतबल होतो. धातूंचे सार बलाचे साधन पुरवते, पण लढण्याची वृत्ती सत्त्वातून येते, असा याचा अर्थ आम्ही घेतो.

शरीराकडे पाहूच नये, असे मात्र शास्त्र म्हणत नाही. प्रमाणबद्ध शरीराच्या ठिकाणी आयुष्य, बल व ओज असते असे आचार्यांनीच सांगितले आहे. सूत्रस्थानातील अष्टौनिन्दितीय अध्यायात अतिस्थूल व अतिकृश या दोघांनाही निंद्य ठरवून सममांस शरीराची प्रशंसा केली आहे. अतिस्थूलाच्या आठ दोषांत जवोपरोध, म्हणजे हालचालीची गती रोखली जाणे, आणि दौर्बल्य यांचा समावेश आहे. आजही भरल्या अंगाच्या मुलाला पाहून 'हा हाडाचा पैलवान' म्हणणाऱ्यांनी हा अध्याय अवश्य पुन्हा वाचावा.

आखाड्याची नजर

शरीरावरून सामर्थ्य जोखण्याची परीक्षा आपल्याकडे प्रत्येक जत्रेत होते. गावच्या कुस्ती मैदानात आलेल्या मल्लांच्या जोडी नजरेने लावल्या जातात. वस्ताद व पंच मंडळी मल्लाची उंची, मान, खांदे, मांड्या न्याहाळतात, दोघांना शेजारी उभे करतात आणि कितीच्या इनामावर कोणती कुस्ती धरावयाची ते ठरवतात. वजनकाटा नसतानाही या जोडी बहुधा तुल्यबळ लागतात, हे त्या नजरेचे श्रेय होय. परंतु त्या वेळचे संभाषण कान देऊन ऐकावे. कोणत्या तालमीचा? वस्ताद कोण? मागच्या मैदानात कोणाशी झाली? किती वेळ चालली? असे प्रश्न देहाकडे पाहता पाहताच विचारले जातात. अनुभवी वस्ताद शरीर पाहून जोड सुचवतो आणि केलेली कुस्ती ऐकून ती पक्की करतो.

हेच तत्त्व शास्त्रात आहे. व्यायामशक्तीची परीक्षा कर्मशक्तीवरून करावी, प्रत्यक्ष काम करण्याच्या क्षमतेवरून बलाचे प्रवर, मध्य व अवर असे अनुमान बांधावे, असे चरकाचार्य सांगतात. वस्तादांनी संहिता वाचलेली नसेल, पण त्यांची पद्धत संहितेला धरून आहे.

शरीरावरील काही खुणा मात्र खरोखर बोलक्या असतात. चेपून घट्ट झालेले कान, भरीव मान, जोर काढून पुष्ट झालेले खांदे पाहिले की हा मनुष्य वर्षानुवर्षे हौद्यातील मातीत घुमला आहे, हे जाणकार ओळखतो. पण या खुणा जन्मजात बांध्याच्या नसून अभ्यासाच्या आहेत. त्या किती मेहनत झाली ते सांगतात. कुस्ती कशी आहे ते सांगत नाहीत.

इतिहासाची साक्ष

गामा पैलवानाची उंची पाच फूट सात-आठ इंचांच्या आसपास होती. त्याचा प्रतिस्पर्धी रहीमबक्ष सुलतानीवाला जवळजवळ सात फुटांचा म्हणून प्रसिद्ध होता. या दोघांच्या कुस्त्या अनेकदा बरोबरीत सुटल्या आणि अखेर अलाहाबादेत गामाची सरशी झाली. येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. गामा उंचीने लहान असला तरी किरकोळ नव्हता. त्याचे शरीर घट्ट व भारदस्त होते. म्हणून 'लहानाने मोठ्याला पाडले' एवढाच बोध यातून घेणे अपुरे ठरेल.

अधिक उद्बोधक उदाहरण गामा व पोलंडचा मल्ल स्टॅनिस्लॉस झिबिस्को यांचे आहे. सप्टेंबर १९१० मध्ये लंडन येथे हे दोघे गादीवर भिडले. झिबिस्कोने बहुतेक वेळ पालथे पडून बचाव केला आणि अडीच तासांहून अधिक वेळ जाऊनही निकाल लागला नाही. पुढे १९२८ साली पतियाळा येथे, दोघेही पन्नाशीच्या उंबरठ्यावर असताना, मातीवर झालेली कुस्ती गामाने एका मिनिटाच्या आत जिंकली. शरीरे तीच दोन होती, बांधाही तोच होता. बदलले ते देश, काळ आणि कुस्तीची रीत. एकाच जोडीचे इतके भिन्न निकाल लागत असतील तर केवळ बांध्यावरून निकाल वर्तवणे कितपत शक्य आहे, याचा विचार व्हावा.

आपल्या खाशाबा जाधवांचे उदाहरण तर घरचेच आहे. कराडजवळील गोळेश्वरच्या या मल्लाने १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये फ्लायवेट गटात सहावा क्रमांक मिळवला आणि १९५२ साली हेलसिंकी येथे ५७ किलो गटात कांस्यपदक पटकावले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. जत्रेच्या मैदानात जंगी देहाच्या मल्लांकडे वळणारी प्रेक्षकांची नजर ५७ किलोंच्या मल्लावर किती वेळ ठरली असती, हे प्रत्येकाने स्वतःला विचारावे. २०२४ साली पॅरिस येथे अमन सेहरावत याने कांस्यपदक मिळवले तेही ५७ किलो गटातच.

मुंगीचे गणित

चरकाचार्यांच्या मुंगीच्या दृष्टान्तामागे आज आपल्याला परिचित असलेले एक भौतिक कारण आहे. स्नायूची ताकद मुख्यतः त्याच्या आडव्या छेदाच्या क्षेत्रफळावर अवलंबून असते आणि वजन घनफळावर. तोच बांधा लांबी, रुंदी व जाडी या तिन्ही बाजूंनी दुप्पट झाला तर ताकद सुमारे चौपट होते, पण वजन आठपट होते. म्हणजे देह वाढत जातो तशी एकूण ताकद वाढते, परंतु स्वतःच्या वजनाच्या मानाने ती कमी होत जाते.

भारोत्तोलनात हे स्पष्ट दिसते. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये नईम सुलेमानोग्लू याने ६० किलो गटात १९० किलो वजन डोक्यावर उचलले, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या तिप्पटीहून अधिक. २०२१ साली जॉर्जियाच्या लाशा तालाखाद्झे याने २६७ किलो उचलले, पण त्याचे स्वतःचे वजन पावणेदोनशे किलोंहून अधिक होते. शरीरमानाने पहिला श्रेष्ठ, एकूण भाराने दुसरा. कुस्तीत मल्लाला स्वतःचे अंगही हलवावे लागते आणि समोरच्याचेही. त्यामुळे लहान देहाचा लाभ चपळाईत मिळतो आणि मोठ्या देहाचा लाभ अंगावर भार टाकताना मिळतो. कोणता लाभ उपयोगी पडेल ते डाव ठरवतो.

देहभाराचे महत्त्व नाकारणे हेही अज्ञानच ठरेल. १९९३ साली अमेरिकेतील डेन्व्हर येथे निरनिराळ्या युद्धकलांच्या खेळाडूंची वजनगट नसलेली स्पर्धा झाली. सुमारे ८० किलो वजनाचा ब्राझीलचा रॉयस ग्रेसी तीत विजयी झाला. पहिल्याच लढतीत प्रचंड देहाचा एक सुमो मल्ल अर्ध्या मिनिटाच्या आत पराभूत झाला. देहापेक्षा विद्या मोठी, असा डांगोरा तेव्हा पिटला गेला. परंतु जमिनीवरील पकडींची ती विद्या सर्वांनी शिकून घेतल्यावर १९९७ सालापासून त्याच स्पर्धेत वजनगट आणावे लागले. यावरून निघणारा निष्कर्ष आमच्या मते असा आहे : विद्या विषम असेल तेथे देहाचा फरक झाकला जातो, विद्या सम झाली की देहभार बोलू लागतो, आणि वजनगटांमुळे देहभारही सम झाला की सत्त्व, व्यायामशक्ती व डावपेच यांवर निकाल लागतो.

पाश्चात्त्य वर्गीकरणाची मर्यादा

देहावरून मनुष्य ओळखण्याचा मोह पाश्चात्त्यांनाही झाला होता. जर्मनीच्या क्रेश्मरने १९२१ साली देहाच्या ठेवणीचा संबंध मनोवृत्तीशी जोडला. अमेरिकेच्या शेल्डनने १९४० साली गोलाकार, स्नायुमय व सडपातळ असे तीन देहघटक मांडले आणि पुढे त्यांना तीन स्वभाव जोडून दिले. त्यांतील स्वभावाचा भाग कसोटीला उतरला नाही. देहमापनाचा भाग सुधारून हीथ व कार्टर यांनी १९६७ साली जी पद्धती सिद्ध केली ती क्रीडाशास्त्रात आजही वापरली जाते. तिच्यानुसार वरच्या दर्जाच्या कुस्तीगिरांत स्नायुमयता ठळकपणे आढळते आणि वरच्या वजनगटांत मेदाचे प्रमाण वाढते. ही समूहाची सरासरी आहे. एकाच गटातील दोन स्नायुमय मल्लांपैकी कोण जिंकेल, हे सांगण्यास ती उपयोगी पडत नाही, कारण तेथे दोघेही सारखेच असतात. शिवाय ती स्नायुमयता बरीचशी मेहनतीने कमावलेली असते. तिला कारण समजावे की कार्य, हा प्रश्न उरतोच.

प्रकृतीचा प्रश्न

येथे काही वैद्यबंधू आक्षेप घेतील. चरकाने श्लेष्मल पुरुषाला बलवान, पित्तल पुरुषाला मध्यबल व वातल पुरुषाला अल्पबल म्हटले आहे, मग कफप्रकृतीचा मुलगा निवडणे शास्त्रसंमत नाही काय? आक्षेप योग्य आहे, परंतु त्याच ठिकाणी दिलेली इतर लक्षणेही वाचावयास हवीत. कफाच्या मंद गुणाने चेष्टा मंद होते व आरंभ सावकाश होतो. पित्ताच्या तीक्ष्ण गुणाने पराक्रम तीक्ष्ण होतो, पण क्लेश सहन होत नाहीत. वाताच्या शीघ्र गुणाने आरंभ त्वरित होतो. कुस्तीला स्थैर्यही लागते, तीक्ष्णपणाही लागतो आणि त्वराही लागते. त्यामुळे प्रकृतीवरून मल्लाची लढण्याची ढब सुचवता येईल, असे आम्हांस वाटते. दम धरून समोरच्याला थकवणे एकाला साधेल, तर पहिल्याच झटक्यात ढाक किंवा एकलंगी भरणे दुसऱ्याला. ही ढब सामर्थ्याची प्रतवारी नव्हे. शिवाय प्रकृती म्हणजे देहाचा आकार नव्हे. लठ्ठ मुलगा दिसला की कफप्रकृती लिहून मोकळे होण्याची सवय आपल्या व्यवसायात शिरली आहे, ती सोडावयास हवी.

बलाचे सहज, कालज व युक्तिकृत हे तीन प्रकार येथे मार्गदर्शक ठरतात. बांधा व प्रकृती हा सहज बलाचा भाग झाला. वयाचा वाटा कालज बलाचा. बारा-चौदा वर्षांच्या वयात जो मुलगा लवकर वयात येतो तो बरोबरीच्यांना सहज पाडतो आणि त्याला उपजत मल्ल समजले जाते. अठराव्या वर्षापर्यंत इतर मुले त्याला गाठतात आणि तो मागे पडला की घरचे औषध मागावयास येतात. युक्तिकृत बल आहार व व्यायाम यांच्या योग्य योजनेतून निर्माण होते. तालीम आणि वैद्य या दोघांचाही हात पोहोचतो तो येथेच.

चिकित्सालयात काय करावे

पालकांच्या प्रश्नाला एका नजरेत उत्तर देऊ नये. अस्थी, संधी व मांस यांचे संहनन पाहावे. गुडघे, खांदे व कंबर यांत जुनी दुखापत आहे काय, ते विचारावे. अग्नीची परीक्षा करावी. मंदाग्नी असलेल्या कृश मुलाला लगेच तूप-बदामाचा खुराक सुरू करणे म्हणजे आमाला आमंत्रण होय. आधी दीपन-पाचन आणि मग बृंहण हा क्रम मोडू नये. बैठका मारावयास लावून अर्धशक्तीची लक्षणे कधी दिसतात आणि श्वास किती वेळात पूर्ववत होतो, ते पाहावे व दर तीन महिन्यांनी नोंद करावी. वजन व उंची यांचीही नोंद ठेवावी. सत्त्वाची परीक्षा एका भेटीत होत नाही. त्यासाठी वस्तादांशी बोलावे. हरल्यानंतर मुलगा दुसऱ्या दिवशी पहाटे तालमीत येतो की नाही, हे वस्ताद सांगू शकतात, आपण नाही.

वजन उतरवण्याचा प्रश्न याहून गंभीर आहे. स्पर्धेच्या आदल्या दिवशी दोन-तीन किलो कमी करण्यासाठी विरेचन किंवा स्वेदन मागणारा मल्ल आपल्याकडे येऊ शकतो. १९९७ च्या अखेरीस अमेरिकेत महिन्याभराच्या अवधीत तीन महाविद्यालयीन कुस्तीगीर घाम काढून व पाणी तोडून झटपट वजन उतरवण्याच्या प्रयत्नात मृत्यू पावले. २०२४ साली पॅरिस येथे विनेश फोगट हिला अंतिम लढतीच्या दिवशी १०० ग्रॅम वजन जास्त भरल्याने अपात्र ठरवण्यात आले, तेव्हा या धडपडीचे स्वरूप साऱ्या देशाने पाहिले. शोधनानंतर संसर्जनक्रम अनिवार्य आहे. शोधन करून दुसऱ्या दिवशी मल्लाला लढावयास पाठवणे हे शास्त्राविरुद्ध आहे आणि प्राणावर बेतणारेही आहे. अशी मागणी स्पष्ट शब्दांत नाकारावी व मल्लास वरचा वजनगट सुचवावा.

औषधविक्रेत्यांसाठी

बांधा म्हणजेच बल, हा समज 'वजन वाढवणाऱ्या' चूर्णांच्या विक्रीचा पाया आहे. दुकानात येणाऱ्या तरुण ग्राहकाला त्याच समजावर माल विकणे सोपे असते. तरीही काही पथ्ये पाळावीत, अशी आमची विनंती आहे. उत्पादकाचा परवाना क्रमांक व उत्पादनगट यांचा उल्लेख नसलेली पाकिटे ठेवू नयेत. पंधरवड्यात अंग भरून देणाऱ्या निनावी चूर्णात स्टेरॉइडची भेसळ असण्याचा संशय बाळगणे केव्हाही शहाणपणाचे. उंची वाढवण्याचे दावे करणारी जाहिरात तर १९५४ च्या कायद्यानुसार निषिद्धच आहे.

दुसरी बाब उत्तेजकविरोधी नियमांची. भारतात या संबंधीचा राष्ट्रीय कायदा २०२२ साली झाला. खेळाडूच्या शरीरात निषिद्ध द्रव्य सापडले तर ते कोठून आले याची जबाबदारी त्याच्यावरच असते. 'आयुर्वेदिक होते' हा बचाव चालत नाही. कुपिलूतील स्ट्रिक्नीन स्पर्धाकाळात निषिद्ध आहे आणि शोधनाने ते कमी झाले तरी पूर्णपणे नाहीसे होत नाही. म्हणून अग्नितुंडी वटीसारखा कल्प स्पर्धक मल्लाला देताना थांबून विचार करावा. सोमकल्पातील इफेड्रिनला मूत्रातील मर्यादा ठरवून दिलेली आहे. थंडाईत भांग मिसळली तर तीही स्पर्धाकाळात निषिद्ध द्रव्यांत मोडते. ग्राहक स्पर्धक आहे काय, हा एक प्रश्न विक्रीच्या मेजावर विचारल्याने एखाद्या मुलाची चार वर्षांची मेहनत वाचू शकते.

उपसंहार

देहयष्टी मल्लाजवळ कोणती साधने आहेत ते सांगते. ती साधने तो कशी वापरील ते सांगत नाही. आचार्यांनी दहा परीक्ष्य भाव सांगितले, त्यांतील एकट्या प्रमाणावर किंवा एकट्या प्रकृतीवर भिस्त ठेवून एखाद्या मुलाचे भवितव्य ठरवणे हा शास्त्राचा आणि त्या मुलाचाही अवमान आहे. म्हणून वडिलांच्या प्रश्नाला आपले उत्तर असे असावे : मुलाचे सांधे, अग्नी व श्वास आम्ही पाहिले आहेत, ते निर्दोष असतील तर त्याला एक वर्ष तालमीत जाऊ द्या, शाळाही चालू ठेवा, तो पैलवान होईल की नाही ते माती सांगेल, तोवर त्याचे आरोग्य आम्ही सांभाळू. सर्व व्यवसायबंधू-भगिनींनी आपल्याकडे येणाऱ्या मल्लांच्या नोंदी या दृष्टीने ठेवाव्यात, अशी नम्र विनंती करून आम्ही हे विवेचन पूर्ण करतो.